श्रेयांक आणि श्रेय

(खानदेशातील विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढे जळगाव येथे केलेले भाषण)



आज मी आपणांपुढे जो विषय मांडणार आहे, तो वरवर पाहता फार लहान आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना हल्ली 'प्रकल्प' नावाची एक गोष्ट करावी लागते. पुष्कळ घरांत या गोष्टीची ओळख एवढीच आहे की, सत्र संपत आले म्हणजे मुलगा झेरॉक्सच्या दुकानासाठी पैसे मागतो आणि चार दिवसांनी रंगीत पुठ्ठ्याची एक फाईल घरात दिसते. पैसे कशासाठी हवेत, हे बापाने विचारलेले नसते. फाईलमध्ये काय आहे, हे मुलाने वाचलेले नसते. फाईल महाविद्यालयात जाते, कपाटात पडते, आणि मुलाच्या गुणपत्रिकेवर दोन श्रेयांक चढतात.

त्या दोन श्रेयांकांच्या व्यवहारात आपण फार मोठी वस्तू कवडीमोलाने विकीत आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मत का झाले, हे सांगण्यासाठीच मी आज उभा आहे.

प्रथम श्रेयांक म्हणजे काय ते पाहू. श्रेयांक, ज्याला मुले क्रेडिट म्हणतात, ते शिकण्याच्या कष्टाचे माप होय. एका सत्रात वर्गात बसून ऐकण्याचे १५ तास झाले की एक श्रेयांक होतो. काम प्रकल्पाचे असेल, किंवा समाजात जाऊन करावयाचे असेल, तर ३० तासांचा एक श्रेयांक धरतात. म्हणजे दोन श्रेयांकांचा क्षेत्रीय प्रकल्प हे ६० तासांचे काम आहे. १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला चार तास. आता मला सांगा, ज्या कामाला सरकारने ६० तास मोजून दिले आहेत, ते काम झेरॉक्सच्या दुकानात अर्ध्या तासात उरकले, तर उरलेले तास कोठे गेले? ते आपल्या मुलाच्या शिक्षणातून गेले. मजुराच्या हजेरीतला एक दिवस मुकादमाने खाल्ला तर आपण भांडतो. येथे मुलगा स्वतःचीच हजेरी स्वतः खातो, आणि आपण गप्प राहतो.

ही व्यवस्था आली कोठून, तेही समजून घेतले पाहिजे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली जाहीर झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा काढला. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यासाठी त्याची चौकट ठरविली. स्वायत्त महाविद्यालयांत ती २०२३-२४ पासून आणि इतर संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. या आराखड्यात तीन वर्षांची पदवी किमान १२० श्रेयांकांची आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी किमान १६० श्रेयांकांची आहे. क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभागाचा प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण या गोष्टी आता पदवीच्या आतच आहेत. पूर्वी हौशी विद्यार्थी असे काम अभ्यासाबाहेर करीत असत, आणि त्याचे गुण कोणी देत नसे. आता त्यांचे गुण मिळतात. चौथ्या वर्षी 'संशोधनासह ऑनर्स' घेणाऱ्या विद्यार्थ्याला तर १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प स्वतः करावा लागतो.

ऑनर्स हा शब्द आपल्या घरांत अजून रुळलेला नाही. ज्या विद्यार्थ्याने नेमून दिलेल्या पाठापेक्षा अधिक खोल जाऊन काम केले, त्याला विद्यापीठाने दिलेला मान, असा त्याचा सरळ अर्थ आहे. अमेरिकेत स्वार्थमोर महाविद्यालयाचे प्रमुख फ्रँक एडलॉट यांनी १९२२ साली ऑनर्सचा अभ्यासक्रम सुरू केला. निवडक विद्यार्थ्यांनी लहान अभ्यासगटांत बसावे, स्वतः वाचावे, स्वतः लिहावे, आणि बाहेरच्या परीक्षकांनी त्यांची परीक्षा घ्यावी, अशी ती पद्धत होती. पुढे तेथील पुष्कळ महाविद्यालयांत आणखी एक सोपा मार्ग रूढ झाला. विद्यार्थी सर्वांबरोबर नेहमीच्याच वर्गात बसतो. परंतु सत्राच्या आरंभी तो शिक्षकाशी एक लेखी करार करतो. मी या विषयात अमुक प्रश्नावर स्वतंत्र काम करीन, अमुक ग्रंथ वाचीन, अमुक तारखेला आपणांस भेटेन आणि शेवटी अमुक लिहून देईन, असा तो करार असतो. करार पुरा झाला की त्या विषयाचे श्रेयांक ऑनर्सचे म्हणून धरले जातात. यासाठी वेगळी इमारत लागत नाही, वेगळे शुल्क लागत नाही, श्रीमंतांसाठी काढलेला वेगळा वर्गही लागत नाही. लागतो तो एक प्रश्न, एक शिक्षक आणि विद्यार्थ्याचे स्वतःचे कष्ट.

बंधूंनो, नेहमीच्या वर्गात बसून स्वतंत्र काम करण्याची ही रीत आपणांस परकी नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात, २५ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने एक निबंध वाचला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर, आणि तो निबंध म्हणजे 'कास्ट्स इन इंडिया'. हा कोणत्याही पदवीसाठी सादर केलेला प्रबंध नव्हता, हे लक्षात ठेवा. बाबासाहेबांनी एम.ए.ची पदवी आदल्याच वर्षी, १९१५ साली, मिळविली होती. हा एका अभ्यासवर्गात वाचलेला विद्यार्थ्याचा निबंध होता. आज आपल्या मुलांना जे करावयास सांगतात, तेच. तो मे १९१७ मध्ये 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापून आला, आणि शंभराहून अधिक वर्षे झाली तरी जातीचा अभ्यास करणाऱ्या जगातील कोणत्याही विद्वानाला तो ओलांडून पुढे जाता येत नाही.

त्या निबंधाची रीत पाहा. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चार विद्वानांनी जातीची व्याख्या कशी केली होती, ते त्यांनी प्रथम मांडले. नंतर प्रत्येक व्याख्या तपासून घेतली. तीत खरे किती आणि वरवरचे किती, ते वेगळे केले. मग आपला निष्कर्ष सांगितला की, जातीचे मूळ लक्षण म्हणजे जातीबाहेर लग्नाला असलेली बंदी होय. आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या चाली ती बंदी टिकविण्याची साधने म्हणून उभ्या राहिल्या. आधीच्यांचे म्हणणे नीट वाचणे, ते कसोटीला लावणे, आणि मग पुराव्यासह आपले म्हणणे मांडणे, अशा या तीन पायऱ्या आहेत. चौथी गोष्ट पायरी नव्हे, तर पाया आहे. प्रश्न त्यांचा स्वतःचा होता. जी गोष्ट त्यांच्या सोबत्यांना पुस्तकात भेटत होती, ती त्यांना शाळेच्या पहिल्या दिवसापासून अंगावर झेलावी लागली होती. ज्या जीवनाची लाज वाटावी असे जगाने सांगितले, तेच जीवन त्यांनी अभ्यासाचे साधन केले.

येथे कोणी म्हणेल, "आमचा मुलगा बाबासाहेब थोडाच आहे?" नाही, तो नाही, आणि कोणी तशी अपेक्षाही ठेवू नये. परंतु रीत ही थोरांची खाजगी मालमत्ता नसते. विहीर एकाने खणली तरी पाणी सर्वांना भरता येते. आणि पाणी भरण्याचा हक्क काय असतो, हे आपणांस कोणी शिकवावयास नको.

ही रीत त्यांनी केवळ ग्रंथालयात वापरली असेही नाही. आपल्या याच खानदेशात ती त्यांनी पायाने चालून दाखविली आहे. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सभासद होते. १९२९ साली खानदेशच्या दोन जिल्ह्यांचे काम त्यांच्याकडे व आणखी एका सभासदाकडे आले. काम आटोपून मुंबईस परतताना ते चाळीसगावला उतरले, कारण धुळ्याच्या लोहमार्गावरील एका गावी सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, आणि त्याची माहिती त्यांना स्वतः घ्यावयाची होती. ते त्या गावी गेले, परिस्थिती समजून घेतली आणि चाळीसगावला परत आले. पुढची हकिकत त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवली आहे. महाराला घेऊन टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. म्हणून टांगा भाड्याने घेऊन वस्तीतल्याच एका न शिकलेल्या हाताने तो हाकला. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब खाली दगडांवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला आणि कित्येक दिवस ते जागचे हलू शकले नाहीत.

मी ही हकिकत आपल्या डोळ्यांत पाणी आणण्यासाठी सांगत नाही. मला तिच्यातील एक साधी गोष्ट दाखवावयाची आहे. त्या गावी न जाता, कोणीतरी पाठविलेल्या कागदावरून त्यांना अहवाल लिहिता आला असता. परंतु ते गेले. बहिष्कार म्हणजे काय, हे ज्याच्या दाराशी बहिष्कार आहे त्यालाच विचारले पाहिजे, ही चौकशीची पहिली अट त्यांनी पाळली. जो विद्यार्थी आपल्याच गावच्या प्रश्नावर दुसऱ्या गावच्या मुलाची फाईल उतरवून देतो, त्याने चाळीसगावच्या त्या पुलाची आठवण ठेवावी.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो.

समजा, धरणगाव तालुक्यातील एका खेड्यातली आपली एक मुलगी राज्यशास्त्र घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला दोन श्रेयांकांचा क्षेत्रीय प्रकल्प करावयाचा आहे. 'भारतीय लोकशाहीपुढील आव्हाने' असा विषय तिने घेऊ नये. त्यावर ती काहीच नवे सांगू शकणार नाही. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावी असा नियम आहे. तिने एवढाच प्रश्न घ्यावा: आमच्या गावी गेल्या तीन वर्षांत हे १५ टक्के किती झाले, ते कशावर खर्च झाले, आणि ज्यांच्यासाठी झाले त्यांना ते ठाऊक आहे काय?

सत्राच्या पहिल्याच आठवड्यात तिने माहितीच्या अधिकाराखाली अर्ज द्यावा. हा कायदा २००५ सालचा आहे. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, आणि माहिती ३० दिवसांत द्यावी लागते. सत्राचे १५ आठवडे असतात. अर्ज दहाव्या आठवड्यात दिला तर उत्तर सत्राच्या अगदी शेवटी येईल, हे ध्यानात ठेवावे. कागद येईपर्यंत तिने ग्रंथालयात बसून ग्रामपंचायतीचा कायदा व नियम वाचावेत. कागद आल्यावर वस्तीतील तीस घरी जाऊन प्रत्येक घरी तेच पाच प्रश्न विचारावेत. विचारण्यापूर्वी आपण कोण, कशासाठी आलो, ते सांगावे. कोणाचे नाव लिहू नये, आणि कोणाच्या तोंडी नसलेला शब्द घालू नये. शेवटच्या तीन आठवड्यांत हिशेबाचा तक्ता एका बाजूस, लोकांची उत्तरे दुसऱ्या बाजूस ठेवून तिने पंधरा पाने लिहावीत. निष्कर्ष आपल्या मनासारखा निघाला नाही तरी तो तसाच लिहावा. पैसा खरोखरच योग्य ठिकाणी लागला आहे असे दिसले, तर तेही मोकळेपणाने लिहावे. पुराव्यापुढे आपला राग आणि आपली आवड दोन्ही बाजूला ठेवणे, हेच शिक्षण होय.

प्रत्येकाने ग्रामपंचायतीचाच विषय घ्यावा असे माझे म्हणणे नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने रावेर-यावलच्या केळीच्या एका क्विंटलमागे घड कापणाऱ्या आणि गाडी भरणाऱ्या मजुराच्या हाती किती पडते, ते मोजावे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीने आपल्या वस्तीतील हातपंपाचे आणि गावातील नळाचे पाणी प्रयोगशाळेत तपासून शेजारी शेजारी मांडावे. गणिताच्या विद्यार्थ्याने चाळीसगावजवळच्या पाटणे येथील १२०७ सालच्या शिलालेखाची माहिती मिळवावी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून मठाला दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे. दान कोणी दिले, कशासाठी दिले, आणि त्या काळी त्या मठाचे दार कोणाला उघडे होते व कोणाला बंद, हे प्रश्न त्याने विचारावेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी आयुष्यभर गोळा केलेले कागद त्यांच्या निधनानंतर याच मंडळाने सांभाळले. जुने दप्तर कसे वाचतात, ते तेथे जाऊन पाहावे.

आणि भाषेच्या विद्यार्थ्यांना मी काय सांगू? ज्या विद्यापीठाची पदवी आपण घेता, त्याचे नाव नीट वाचा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या आजच्या तीन जिल्ह्यांसाठी १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. असोद्याच्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हते. घरचे काम करता करता ती गाणी रचीत असे, आणि घरातल्या शिकलेल्या माणसांनी ती लिहून घेतली, म्हणून १९५१ मध्ये ती गेल्यानंतर पुढच्याच वर्षी त्यांचे पुस्तक होऊ शकले. लिहून घेतले म्हणून ते राहिले. आपल्या वस्त्यांतील किती आज्यांची जात्यावरची गाणी, भीमगीते, अहिराणी बोलीतले शब्द, धर्मांतराच्या दिवसांच्या आठवणी कोणी लिहून घेतल्या नाहीत म्हणून त्यांच्याबरोबर गेल्या! अशी आजी ज्या घरात बसली आहे, त्या घरातील मुलाने विषय सुचत नाही म्हणून दुकानात जावे, याहून मोठे दैव ते कोणते?

आता शिक्षकांविषयी. एका प्राध्यापकापुढे पुष्कळ विद्यार्थी असतात. रिकाम्या हाताने जाऊन "सर, विषय द्या" असे म्हटले, तर ते यादीतला एक विषय देतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. म्हणून अमेरिकेतील त्या कराराची रीत आपण स्वतःहून उचलावी. आपला नियम असा करार मागत नाही, परंतु तो त्याच्या आडही येत नाही. एका कागदावर सहा गोष्टी लिहा: माझा प्रश्न काय, यावर मी काय वाचीन, माहिती कोठून व कशी घेईन, किती तास कोणत्या आठवड्यात देईन, आपणांस कोणत्या तीन तारखांना भेटेन, आणि शेवटी काय सादर करीन. हा कागद घेऊन सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात प्राध्यापकांकडे जा. त्यांच्या सूचना लिहून घ्या, दोन प्रती करा, एकीवर त्यांची सही घ्या. तयारीने आलेल्या विद्यार्थ्याला परत पाठविणारा शिक्षक क्वचितच असतो. आणि तसा एखादा असलाच, तर तो सहीचा कागद आपले म्हणणे विभागप्रमुखांपुढे मांडावयास उपयोगी पडतो.

येथे मी माझी स्वतःची एक चूक कबूल करतो. विद्यार्थी असताना मी एकदा मित्राची जुनी वही उतरवून निबंध दिला होता. प्राध्यापकांनी तो वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "हा आकडा तुला कोठे सापडला?" मी खाली मान घालून उभा राहिलो. गुण मिळाले, परंतु तो प्रश्न आजतागायत माझ्या पाठीशी आहे. हल्ली तर वहीसुद्धा उतरवावी लागत नाही. संगणकाला विषय सांगितला की तो क्षणात वीस पाने लिहून देतो, आणि ती पाने आपल्या मुलांच्या भाषेपेक्षा गुळगुळीत असतात. परंतु तो संगणक आपल्या वस्तीतल्या हातपंपावर कधी उभा राहिलेला नाही. तोंडी परीक्षेत "हा आकडा कोठून आणला?" असे विचारले, तर त्याचा उपयोग नाही. स्वतः तीस घरे फिरलेल्या मुलीला मात्र तो प्रश्न विचारला की ती अर्धा तास बोलेल. आणि परीक्षक ऐकत राहील.

पालकहो, आता मी आपल्याकडे वळतो. मुलगी ग्रामपंचायतीचे हिशेब मागते म्हटल्यावर बापाच्या पोटात गोळा येतो, हे मला ठाऊक आहे. उद्या शेतावर कामाला बोलावणार नाहीत, ही भीती खोटी नाही. बहिष्कार हा शब्द आपण पुस्तकात वाचून शिकलेलो नाही. म्हणून शहाणपणाने वागावे. महाविद्यालयाचे पत्र बरोबर घ्यावे. आपल्या एकट्या गावाचा प्रश्न अडचणीचा वाटला, तर शेजारच्या तीन गावांची तुलना करावी. किंवा दोघातिघा विद्यार्थ्यांनी मिळून गावे वाटून घ्यावीत. तरीही धोका वाटला, तर हातपंपाचे पाणी घ्यावे, आजीची गाणी घ्यावीत. प्रकल्प म्हणजे मोर्चा नव्हे, आणि अठरा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर साऱ्या गावाचे भांडण ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. माझे मागणे एवढेच आहे की, जो विषय घ्याल तो खरा घ्या. आठवड्याचे चार तास त्या मुलीला घरकामातून मोकळे करा. ती गावात फिरून माहिती घेते म्हणून कोणी नाक मुरडले, तर "ती महाविद्यालयाचे काम करते आहे" असे आपण पुढे होऊन सांगा.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. नव्या व्यवस्थेत पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते, सात वर्षांच्या आत पदवी पुरी करता येते, आणि मिळविलेले श्रेयांक श्रेयांक-बँकेत जमा राहतात. कागदावर ही सोय चांगली आहे. आजारपण, बाळंतपण, घरातला मृत्यू यांमुळे ज्याचे शिक्षण तुटले, त्याच्यासाठी ती दयेची आहे. परंतु ज्या घरात मुलाच्या मजुरीची वाट पाहिली जाते, त्या घराला हे दार मोहाचे आहे. "प्रमाणपत्र मिळाले ना, आता पुरे," असे म्हणणे फार सोपे आहे. त्या दाराने आत परत येणारे किती असतात, हे ज्याचे त्याने आपल्या वस्तीत मोजून पाहावे. सुखवस्तू घरचा मुलगा चौथ्या वर्षाचे ऑनर्स घेईल आणि आपला मुलगा पहिल्या वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडेल, तर वर्णव्यवस्थेने जे काम जन्मावरून केले, तेच काम ही व्यवस्था श्रेयांकांवरून करील. ते होऊ देणे वा न देणे, हे पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे.

म्हणून चौथ्या वर्षाची माहिती आतापासून ठेवा. संशोधनासह ऑनर्स घ्यावयाचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण किंवा तितकी श्रेणी लागते. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी पुरी केल्यावर पुढे पीएच.डी.च्या प्रवेशाला अर्ज करता येतो. २०२२ च्या नियमांत अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना येथे ५ टक्क्यांची सवलत आहे. संशोधनाचे चौथे वर्ष चालविणाऱ्या विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शन करू शकणारे प्राध्यापक असावे लागतात. तालुक्याच्या लहान महाविद्यालयात ते नसतील, तर जळगाव वा धुळे येथे जावे लागेल. त्याची तयारी तिसऱ्या वर्षाच्या आरंभीच करावी. आणि धर्मांतर केल्याने शिष्यवृत्ती जाते, ही कोणी मनात घातलेली भीती काढून टाका. अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश १९९० च्या दुरुस्तीने झालेला आहे. जातीचे प्रमाणपत्र व वैधता यांचे कागद वेळेवर करा, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरा.

मी सांगितलेले सारे तीन वाक्यांत आटोपतो. विद्यार्थ्यांनो, या सत्रात एक तरी प्रश्न असा घ्या, की ज्याचे उत्तर तुमच्याशिवाय दुसरा कोणी देऊ शकणार नाही. मातापित्यांनो, फाईल महाविद्यालयात देण्यापूर्वी मुलाला ती घरात मोठ्याने वाचून दाखवावयास सांगा. तुम्हांला अक्षरओळख नसली तरी खरे आणि उसने यांतला फरक तुमच्या कानाला कळेल. आणि जे आधी शिकले आहेत त्यांनी दर रविवारी बुद्धविहारात दोन तास बसून या मुलांचे कच्चे लिखाण तपासून द्यावे.

श्रेयांक विद्यापीठ देते. श्रेय मात्र ज्याने काम केले त्याचेच असते, आणि ते कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. आपल्या पूर्वजांच्या कष्टाचे श्रेय शतकानुशतके दुसऱ्यांनी घेतले. आज आपल्या मुलाच्या नावापुढे त्याच्या स्वतःच्या कामाचे श्रेय लिहून देण्यास विद्यापीठ तयार आहे. अशा वेळी आपणच उसनी फाईल पुढे करू नये, एवढी एकच विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय भीम.